सुनेसाठी घेतलेली मशीन

इतरांकडे पाहुणे आले की लग्नाचा अल्बम निघतो. आमच्या इंदूरच्या घरी वॉशिंग मशीनचा विषय निघतो! दर पाहुण्यामागे किस्से वाढतच जातात. हे त्यातले काही, माझ्या माहितीतले.

*

बाबा, म्हणजे माझे सासरे, मिलमध्ये फिटर. मिल बंद पडली, हिशोबाचे पैसे हातात आले आणि त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. बाबा राजवाड्याजवळच्या दुकानातून थेट मशीनच घेऊन आले. "कुणी हात लावायचा नाही. सून येईल, तीच सुरू करेल!"

पण माझी बी.ए.ची परीक्षा आडवी आली आणि लग्न वर्षभर लांबलं. मशीन बिचारी फुलाफुलांचं कव्हर घालून माझी वाट पाहत राहिली.

*

लग्न झालं, पूजा झाली, मग मशीनचं उद्घाटन! अख्खी गल्ली गोळा झाली. नारळ फुटला, मी बटण दाबलं. काहीच नाही!

बाबांनी मशीनला कान लावला. शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "कित्ती शांत चालते हो! अगदी सुनेसारखी!"

*

दुकानदार म्हणाला, "बाबूजी, वारंटी तो पिछले महीने खतम."

"पर मशीन तो चली ही नी!"

"तो चलाई क्यों नी?"

"बहू नी आई थी!"

दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू बिघाड माझ्यातच होता.

*

मी अंगणात हातानं कपडे धूत होते. हे बाबांना म्हणाले, "तुम्ही एवढे फिटर, उघडून बघा ना."

"मी पाना लावला की दोष माझा होईल! ती कारखान्यातूनच बिघडून आलीय. जन्माच्या दोषाला कसली आलीय वॉरंटी?" मग म्हणाले, "मिल बंद झाली तेव्हा गप्प बसलो. आता नाही बसणार." आणि ग्राहक फोरममध्ये तक्रार केली.

*

फोरममध्ये दुकानदाराच्या वकिलाचं एकच पालुपद: वर्षभर वापरली, बिघडवली, आता नवी मागतात. बाबा सांगत होते, एकदाही चालवलेली नाही. पण पुरावा कुठून आणायचा? वकिलानं मग सासूबाईंनाच गाठलं.

"माताजी, सच बोलना. मशीन इस्तेमाल की?"

"हाँ, रोज."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. वकील खूश! "रोज क्या करती थीं?"

"पोहे निकालती थी. बोरी चूहे कुतर जाते थे. इसका ढक्कन पक्का है."

"और पानी? सालभर में एक बार भी नी डाला?"

सासूबाईंनी त्याच्याकडे कीव करून पाहिलं. "अरे भिया, पानी डालती तो पोहे गल नी जाते?"

फोरमच्या साहेबांनी आधी पोटभर हसून घेतलं, मग मशीन बदलून द्यायचा हुकूम दिला.

दुकानदार स्वतः नवी मशीन घेऊन आला. बाबांनी मला बटण दाबायला पुढे केलं. पण सासूबाईंनी मला बाजूला सारून आधी झाकण उघडलं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि नाक मुरडलं.

"ही जरा लहान आहे हो!"