काचेखालचं खोडलेलं वाक्य

विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका थोर कादंबरीकाराची हस्तलिखितं काचेखाली मांडली आहेत. परवा नातीबरोबर, सईबरोबर, बघून आले. विशीत असताना मी या गृहस्थांची लेखनिक होते. ते घाईघाईनं खरडत, मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून देई आणि छापायला जाण्याआधी ते माझी प्रत तपासत.

तिथल्या बाईंनी एक पान दाखवलं. "अक्षर लेखनिकाचं आहे, पण खोडाखोड त्यांची. स्वतःचंच वाक्य कसं निर्दयपणे कापलंय बघा."

मी चष्मा सावरून वाचलं. 'तिच्या डोळ्यांत चंद्र विरघळला.'

हे वाक्य त्यांचं नव्हतंच. त्यांची नायिका मला फार कोरडी वाटायची, म्हणून प्रत करताना मी गुपचूप थोडा ओलावा घातला होता. पान परत आलं ते कागद फाटेपर्यंत रेघ ओढून. आमच्या विदुषी, म्हणजे मीच, त्यावर दोन दिवस जेवल्या नाहीत. थोरामोठ्यांच्या कागदांत असा किती जणांचा आगाऊपणा जपून ठेवलेला असेल, कोण जाणे.

मी सईच्या कानात खरं काय ते सांगितलं.

"अगं आजी, मग सांग ना त्यांना."

"नको. पान उचलून आत ठेवतील. जन्मात एक ओळ छापून आली नाही माझी, निदान काचेखाली तरी राहू दे."

सईनं फोटोसाठी फोन काढला. बाई म्हणाल्या, इथे फोटो काढता येत नाही.

म्हटलं, राहू दे, मला पाठ आहे.