अक्कांची पितळी टाकी

"कोण म्हणालं?" हा अक्कांचा नेहमीचा प्रश्न. एखादी गोष्ट होत नाही, चालत नाही, बायकांना जमत नाही, असं कुणी म्हटलं की त्या पदर कमरेला खोचायच्या आणि म्हणायच्या, "कोण म्हणालं? त्याला इकडे बोलवा." अशी एखादी बाई तुमच्याही माहितीत असेल. पण ती शर्यतीची गाडी चालवत नसेल. अक्का चालवायच्या.

साठ सालानंतरची गोष्ट. मी पुण्याहून बंगलोरला सरकारी कारखान्यात नोकरीला आलो होतो आणि मल्लेश्वरममध्ये अक्कांच्या शेजारी राहत होतो. त्यांचं घराणं तिथं कित्येक पिढ्यांपासूनचं. त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांमागे कानडीतलं "सरी", म्हणजे बरं, आणि "स्वल्प थांबा", म्हणजे जरा थांबा, यायचं. वडिलांचं मोटारींचं गॅरेज होतं. एक इंग्रज मळेवाला मायदेशी जाताना आपली हिरवी, उघडी, दोन माणसांची गाडी त्यांना देऊन गेला. वडील वारल्यावर भावांनी गॅरेज विकायला काढलं. खरेदीदार गाडी बघायला आला तेव्हा ती जागेवर नव्हती. अक्कांनी आदल्याच दिवशी ती घरी आणून तुळशीशेजारी लावली होती. भाऊ भांडायला आले. अक्कांनी त्यांना कॉफी पाजली आणि परत पाठवलं.

शहराबाहेर लढाईच्या वेळची एक ओसाड धावपट्टी होती. तिथं दरवर्षी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. अक्कांनी नाव दिलं. पहिल्याच खेपेला, लांब वळण घेऊन गाडी सरळ रस्त्याला लागली आणि मागून निळ्या धुराचा असा लोट उठला की मागच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. काळं निशाण दाखवून त्यांना बाहेर काढलं. शर्यतीचे चिटणीस लष्करातून निवृत्त झालेले, मिशीला पीळ देणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, धूर स्वयंपाकघरात शोभतो. इथे नाही."

परतताना मी चिडून काहीतरी बोललो. अक्का म्हणाल्या, "धुराचं त्याचं बरोबर आहे. स्वयंपाकघराचं चुकलं. ते बघू नंतर."

इंजिन झिजलंय, उघडून नवीन पिस्टन घाला, असं जो तो सांगू लागला. अक्कांना ते पटेना. झिजलं असतं तर धूर सतत आला असता. हा यायचा फक्त वेगात लांब वळण घेतल्यावर. आम्ही व्हाइटफील्डच्या रस्त्यावर जाऊन बघितलं. तेव्हा तो रस्ता रिकामा असायचा. एखादी बैलगाडी, नाहीतर सायकलवरचा पाववाला. एका वळणानंतर त्यांनी गाडी थांबवली, हवा आत घेणारी नळी काढली आणि आत बोट फिरवलं. बोट तेलाने काळं झालं.

"बघा," त्या म्हणाल्या, "हे स्वतःचंच उष्टं खातंय."

झालं होतं असं. इंजिनाच्या पोटात गरम वाफा साठतात. त्या बाहेर पडायला एक नळी असते, आणि या गाडीत ती परत हवेच्या वाटेला जोडलेली होती. वळणावर तेल एका बाजूला उसळायचं, वाफेबरोबर नळीत चढायचं, हवेतून थेट कार्बुरेटरमध्ये जायचं आणि पेट्रोलबरोबर जळून निळा धूर व्हायचं.

"मग नळी सोडून द्या खाली," मी म्हणालो.

"आणि तेल रस्त्यावर? मागचा घसरून मेला तर? मला त्याला हरवायचंय, मारायचं नाही."

मधे एक डबा बसवावा, वाफ पुढे जावी, तेल डब्यात राहावं, असं ठरलं. आधी कॉफीचा डबा लावून पाहिला. तेलाचे बारीक तुषार वाफेबरोबर जसेच्या तसे पुढे गेले. शिवाय हादऱ्यांनी डबा फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर अक्कांचे यजमान अंगणात कोळशाच्या शेगडीवर कॉफी करत होते, डोळे पुसत. अक्कांनी स्टोव्हची पितळी टाकी काढून घेतली होती.

यजमान बँकेत होते. अगदी मऊ माणूस. गाडीत बसले की डोळे मिटून घ्यायचे. ते एवढंच म्हणाले, "टाकी चांगली जाड आहे हो."

टाकी मधोमध कापून मी आत भोकं पाडलेल्या पत्र्याचे दोन आडवे पडदे झाळून बसवले. अक्कांनी भांडी घासायच्या तारेचे गोळे त्यांच्यामध्ये भरले आणि ते पुढे ओढले जाऊ नयेत म्हणून वरच्या तोंडाशी जाळी लावली. तुषार तारेवर आदळणार, थेंब होऊन खाली पडणार. तळाला एक छोटा नळ. मग टाकी पुन्हा जोडली. व्हाइटफील्डच्या त्याच वळणावरून आल्यावर अक्कांनी नळीत बोट घातलं आणि माझ्यापुढे धरलं. कोरडं होतं. घरी येईपर्यंत त्या गुणगुणत होत्या.

पुढच्या वर्षी चिटणिसांनी गाडी तपासली. "हे काय आहे?"

"स्टोव्हची टाकी."

"कंपनीने बसवलेली नाही. चालणार नाही."

"कोण म्हणालं? नियमात दाखवा."

त्यांनी नियम चाळले. सापडेना. "नियम नसेल. माझा निर्णय आहे."

अक्कांनी गाडी सरळ सुरुवातीच्या रेघेवर नेली, इंजिन बंद केलं, किल्ली पदराच्या टोकाला बांधली. "सरी. मग आज कुणीच जात नाही. ढकला मला."

साडी नेसलेल्या बाईला ढकलायला कोण पुढे येणार? मागे सगळ्या गाड्या अडकल्या. ऊन भाजत होतं, लोक शिट्ट्या वाजवत होते. मला वाटलं, आता पोलीस येणार. एवढ्यात दोराच्या खालून वाकून अक्कांचे यजमान आत शिरले. मला वाटलं, घरी चल म्हणणार. ते गाडीशेजारी उभे राहिले आणि त्यांनी बायकोच्या डोक्यावर छत्री उघडली.

"ऊन आहे," ते चिटणिसांना म्हणाले.

मग मागच्या गाडीतला चिकमगळूरकडचा एक मळेवाला उतरला. "गेल्या वर्षी हिच्या मागे मी होतो," तो म्हणाला. "धूर मी खाल्ला. तक्रार करायची तर मी करीन. मला करायची नाही."

चिटणीस बाजूला झाले.

लांब वळणावरून हिरवी गाडी बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. मागे नुसती हवा. अक्का चौथ्या आल्या. बक्षीस नव्हतं. त्यांनी गाडी चिटणिसांसमोर उभी केली, थर्मासबरोबर आणलेला पेला टाकीच्या नळाखाली धरला आणि निम्मा भरलेला काळ्या तेलाचा पेला त्यांच्या हातात दिला.

"हे गेल्या वर्षी तुमच्या डोळ्यांत गेलं होतं," त्या म्हणाल्या. "आता स्वयंपाकघराचं बोला."

पेला कुठं ठेवावा हे चिटणिसांना बराच वेळ कळलं नाही.

नंतर मोटारवाले काखेत स्टोव्ह घेऊन अक्कांकडे यायला लागले. त्यांच्या बायका काय म्हणाल्या असतील देव जाणे. पुढे तर नियमच झाला, तेल धरणारी टाकी सक्तीची. मी अभिनंदन करायला गेलो. अक्का फणकारल्या, "अडवताना विचारलं नाही, सक्ती करताना तरी विचारलं का?"

माझी बदली झाली. काही वर्षांनी कामासाठी बंगलोरला गेलो तेव्हा अक्का या जगात नव्हत्या. यजमानांनी कॉफी केली, समोर बसले.

"इस्पितळात खिडकीजवळची खाट मागून घेतली होती तिने," ते सांगू लागले. "डॉक्टर नको म्हणत होते, वारा लागेल म्हणून. ऐकते कुठे? खाली रस्ता होता. पडल्या पडल्या सांगायची, याचा व्हॉल्व्ह गेलाय, त्याच्या प्लगमध्ये काजळी आहे. एका दुपारी एक गाडी गेली. ही काही बोलली नाही. मला वाटलं, गाडी चांगली असेल."