खंडेनवमीला कललेली झाडं

माझी नात प्रणोती इकडे हिंदी मुलखात, रांझीच्या आमच्या दोन खोल्यांत बसून लोकांची पुस्तकं छापण्याजोगी करते. पण साधं टाइप करून नाही. अक्षर तिरपं पाहिजे तर आधी तसा हुकूम लिहायचा, महिरपी कंस उघडायचा, शब्द लिहायचा, मग कंस बंद करायचा. मी म्हटलं, "एवढे हुकूम तर तुझ्या आजोबांना फॅक्टरीत साहेबानेही सोडले नाहीत." माझी शाळा चौथीपर्यंत, पण बोलायला कमी नाही.

पाटनच्या एका सरांचं झाडांवरचं इंग्रजी पुस्तक आलं होतं. झाडाचं शास्त्रातलं नाव तिरपं, आणि त्याच्या डोक्यावर टिपेचा बारका आकडा. आकडा मात्र सरळ उभा. नमुन्याची वीस पानं संध्याकाळी सहापर्यंत पाठवायची होती. आवडली तर पूर्ण पुस्तक प्रणोतीला मिळणार. तिचं पहिलंच मोठं काम.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. आमचे हे होते तोवर पाना, हातोडी, सायकल, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. आता घरात कमावतं हत्यार एकच, प्रणोतीचा लॅपटॉप. ती आंघोळीला गेली आणि मी झेंडू घेऊन पोचले. लॅपटॉप मिटून झाकणावर फूल वाहिलं असतं तर माझं काय जात होतं? पण नाही! कोपऱ्यातल्या मोठ्या बटणावर कुंकवाचं बोट टेकवलं, फूल ठेवलं, हात जोडले. पडद्यावर काहीतरी हललं. मला वाटलं, देव पावला. मग तिला असलं आवडत नाही हे आठवलं, म्हणून फूल उचललं, कुंकू पुसलं आणि गप्प बसले.

दुपारी तिने पानं छापून काढली. पाचव्या पानापासून शेवटपर्यंत सगळं तिरपं! सकाळी तिने त्याआधीच्या पानांत नवीन हुकूम घातले होते, तेच चुकले असं तिला वाटलं. काढले, पुन्हा घातले. चार वाजता डोळे पुसत म्हणाली, "आजी, मला नाही जमत. सरांना लिहून टाकते, किसी और से करवा लीजिए."

आता मात्र माझ्याने राहवेना.

"थांब पोरी. सकाळी मी पूजा केली."

"कशाची?"

"ह्याची."

"काहून, आजी? कोणत्या बटणाला हात लावला?"

"कोपऱ्यातलं. म्हटलं, मोठ्याला मान आधी."

"अरे, वो तो मिटाने वाला है!"

पण काय पुसलं गेलं ते कोणाला ठाऊक? मी चष्मा लावला, पानं पुढ्यात ओढली. इंग्रजीशी आपली ओळख नाही, पण उभं कोण आणि कललेलं कोण हे कळायला चौथी पुरते. बोट फिरवत गेले. पाचव्या पानावर एका झाडाच्या डोक्यावरचा दोनचा आकडा कलला होता. त्याच्या आधीचे सगळे सरळ.

"हा बघ, इथून पडायला लागले."

तिने ती जागा उघडली. नाव संपतं तिथला बंद करायचा कंस गायब. त्यामुळे तिरपं थांबवायला कोणी उरलंच नव्हतं. तिने कंस घातला, पुन्हा छापलं. आकडे उभे राहिले. पावणेसहाला पानं गेली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच सरांचा फोन आला, पुस्तक तिचं झालं. मी पूजेचं ताट घेऊन निघाले तशी प्रणोतीने लॅपटॉप दोन्ही हातांनी पोटाशी धरला. "आजी, नको!"

"घाबरू नको गं," म्हटलं, आणि कुंकू तिच्याच कपाळाला लावलं.