मास्तरांचे आठ खिसे

शिंपीकाम करणाऱ्या कुणालाही लोक मास्तर म्हणतात, पण आपल्या मास्तरांना ते शोभायचं. त्यांच्या दुकानातून नवा कोट बाहेर पडायचा तो खिशांची तोंडं कच्च्या टाक्यानं बंद करूनच. गिऱ्हाइकानं घरी नेऊन दोरा काढावा, तोवर खिसा कसा ताठ बसतो, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं हात हेच करत आला होता आणि मास्तरांना विचारणं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

मास्तरांना अकरा वर्षांपासून मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई ठरलेली. सुईचं भय शिंप्याला कसलं? पण पन्नाशी उलटल्यावर या गृहस्थाला पळायचं खूळ लागलं. त्यांचा हिशोब सोपा होता. साखर म्हणजे वैरी, मग उपाशीपोटी पळून तिचा काटाच काढावा. सुई टोचायची आणि काही न खाता सुटायचं. तिसऱ्याच महिन्यात ते साखर पार उतरून, भान हरपून पोस्टासमोर घामाघूम उभे सापडले. गळ्यातली टेप काढून ते पत्रपेटीच्या कमरेचं माप घेत होते आणि "जरा श्वास सोडा," असं तिला अदबीनं सांगत होते. पोस्टमननं बाईंना बोलावलं.

बाई म्हणजे मास्तरांची बायको, दुकानात काज-बटणं करायच्या. गळ्यात दोरीला छोटी कात्री असायची आणि शब्द कात्रीपेक्षा धारदार.

"पुन्हा एकदा असं झालं, तर पळणं बंद," त्या म्हणाल्या. "बूट भंगारात देईन."

त्या देणार, याबद्दल मास्तरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि पळणं बंद या कल्पनेनं त्यांना खरंच रडू आलं. दिवसभर वाकून बसणाऱ्या माणसाला तासभर ताठ राहायला मिळायचं ते तेवढंच.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवलं. "मास्तर, बॉबिनमध्ये दोरा नसताना तुम्ही मशीन चालवता का?"

"छे, काहीतरीच काय."

"मग पोटात काही नसताना पाय का चालवता?"

त्यांनी कागदावर लिहून दिलं. पळायच्या दिवशी इन्सुलिन किती कमी करायचं, दीड-दोन तास आधी पाव नि केळं खायचं, निघताना साखर तपासायची, दर अर्ध्या तासानं थोडं गोड तोंडात टाकायचं. आकडा सत्तरच्या खाली गेला तर जागच्या जागी थांबायचं, ग्लुकोजच्या चार गोळ्या खायच्या, पंधरा मिनिटं बसायचं, पुन्हा तपासायचं. "थांबायचं म्हणजे थांबायचं," त्या म्हणाल्या, कारण मास्तर त्यांना चांगले ठाऊक होते.

पुढे शहरात एकवीस किलोमीटरची शर्यत ठरली. मास्तरांनी तिच्यासाठी खास बिनबाह्यांचं जाकीट शिवलं. छातीवर ओळीनं आठ खिसे, आत अस्तर, पाठीत जाळी. खिशांत गोळ्या, खजूर, बिस्किटं. साखर तपासायचं यंत्र तेवढं गळ्यात, टेपच्या जागी. आदल्या दुपारी भरलेलं जाकीट खुंटीवर टांगलं तर खिसे फुगून वाकडे दिसायला लागले. मास्तरांच्या डोळ्यांना ते बघवेना. एका गिऱ्हाइकाशी पँटच्या लांबीवरून वाद घालता घालता त्यांच्या हातानं आपलं काम उरकून घेतलं.

शर्यतीच्या सकाळी पाव-केळं झालं, आकडा उत्तम आला, मास्तर सुटले. अर्ध्या तासानं पहिल्या खिशात बोट घातलं, ते आत जाईना. दुसऱ्यात जाईना. आठही खिसे शिवलेले. आणि मास्तरांचा कच्चा टाका म्हणजे इतरांच्या पक्क्याचा थोरला भाऊ. हिसका मारला असता तर टाका राहिला असता आणि कापड गेलं असतं. स्वतःच्या हातचं काम भर रस्त्यात फाडायचं? मास्तरांची छाती होईना. पुढे सरबताचं टेबल आहेच, असं मनाशी म्हणून ते पळत राहिले.

टेबलापाशी उभी होती बेकरीवाली. अकरा वर्षं बाईंच्या हुकुमावरून तिनं मास्तरांना साधा केकचा तुकडाही विकला नव्हता.

"सरबत दे गं."

"तुम्हाला? साखर आहे ना तुम्हाला?"

"अगं, आत्ता ती हवीच आहे."

"मास्तर, तुमच्या घरून सक्त ताकीद आहे मला." तिनं प्रेमानं साधं पाणी पुढे केलं. मागून माणसं ढकलत होती, आणि वाद घालायचा तर वेळ वाया जायचा. मास्तर रागारागानं पाणी पिऊन निघाले.

बाराव्या किलोमीटरला हात थरथरायला लागले, गार घाम फुटला. कोपऱ्यावरची पाण्याची टाकी त्यांना एकदम जाडजूड गिऱ्हाईक वाटायला लागली, तेव्हा मात्र ते घाबरले. फुटपाथवर बसून बोट टोचलं. चौसष्ट.

मग मास्तरांनी अब्रू गुंडाळून ठेवली. जाकीट तोंडाशी ओढलं आणि दातांनी टाका तोडायला घेतला. दातानं दोरा तोडू नका, म्हणून बाई तीस वर्षं ओरडत आल्या होत्या. त्यांनी ऐकलं नव्हतं ते बरं झालं. टाका तुटला, थोडं अस्तरही फाटलं. एक पळणारी तरुणी थांबून म्हणाली, "काका, कपडे नका खाऊ, माझ्याकडे केळं आहे." मास्तर गोळ्या चघळत नुसती मान हलवत राहिले.

त्यानंतरची पंधरा मिनिटं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. सगळे पुढे गेले. गप्पा मारत चालणाऱ्या आज्यांचा घोळकासुद्धा गेला. मास्तर जागचे हलले नाहीत. पुन्हा तपासलं, ब्याण्णव. वर त्याच खिशातली दोन बिस्किटं खाल्ली, उरलेल्यातला आणखी एक खिसा दातांनी उघडून ठेवला आणि मग उठले.

शेवटच्या रेषेवर मांडव सोडायला घेतला होता तेव्हा मास्तर पोचले, पण स्वतःच्या पायांवर. बाई उभ्याच होत्या. त्यांनी नवऱ्याचं बोट धरलं, स्वतः टोचलं, आकडा बघितला. एकशे अठरा. मग त्यांची नजर फाटक्या अस्तरावर गेली, तिथून सहा बंद खिशांवर.

"हे कुणी केलं?"

"हातानं," मास्तर खाली बघत म्हणाले, आणि बेकरीवालीनं सरबताऐवजी पाणी दिल्याचंही सांगून टाकलं.

आता बूट गेले, असं धरून ते नाडी सोडायला वाकले. बाईंनी त्यांना खांद्याला धरून सरळ केलं. गळ्यातली कात्री उघडली, एकेक करत सहाही टाके कापले आणि दोरे झटकून टाकले.

"पुढच्या वेळी जाकीट मी तपासणार," त्या म्हणाल्या. "आणि जाता जाता त्या बेकरीवालीशी मला बोलायचंय."