आरशाचा चौथा धागा

"काय करता तुम्ही?" असं कुणी विचारलं की काचताई "आरसे टांगते" एवढंच सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, बाईंचं आरशांचं दुकान असणार. एका शेजारणीने तर न्हाणीघरातला आरसा बसवून द्यायला त्यांना बोलावलं होतं. काचताईंनी तोही बसवला, अगदी ओळंब्यात, आणि वर चहाला नाही म्हणाल्या.

खरं तर त्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेत कामाला होत्या. वडील प्रयोगशाळांसाठी काचेचे चंबू फुंकायचे. त्यांच्या बर्नरपाशी उभं राहून त्या काच शिकल्या. वेधशाळेतल्या हुशार लोकांनी त्यांना जे समजावलं होतं ते त्या स्वतःच्या शब्दांत सांगत. दूर कुठेतरी दोन मेलेले, ठासून भरलेले तारे एकमेकांभोवती गरगरत येऊन आदळतात, तेव्हा मधली जागाच ताणली-आवळली जाते. ती लहर कोट्यवधी वर्षं चालत येते, आपल्यातून आरपार जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ती पकडायची तर काही किलोमीटर लांब नळ्यांच्या टोकांना जडजूड आरसे टांगायचे. त्यांच्यातलं अंतर अणूच्या गाभ्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदललं, तरी लेझरला ते कळतं.

असा आरसा साध्या तारेवर टांगून चालत नाही. तार आपल्याच उबेने आतल्या आत कुरकुरते आणि त्या कुरकुरीत लहर बुडून जाते. म्हणून काच वितळवून ओढलेले चार धागे. दिसायला जाड दोऱ्याएवढे, पण चाळीस किलोचा आरसा आरामात पेलणारे. फक्त एक अट: धागा ओढून झाला की त्याला काही म्हणजे काही लागता कामा नये. लागलं की डोळ्यांना न दिसणारा ओरखडा पडतो. धागा आज वजन धरतो, आणि पाच वर्षांनी भर कामात सोडून देतो. भिंतीवर काचताईंनीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: लागलेला धागा मेला.

त्या दिवशी दुपारी त्या चौथा धागा चौकटीसकट उचलून नेत होत्या. उजवा हात काही महिन्यांपासून थरथरू लागला होता. नवऱ्याशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं. हात एकदाच हलला आणि बाहीची कड धाग्याला चाटून गेली. लेझर सांभाळणारा सहकारी पाठमोरा होता. धाग्याला दीडपट वजन लावलं, त्याने निमूट धरलं. भिंगाखाली पाहिलं, काही दिसेना. लेझरवाल्याने टाळी वाजवली. दहा दिवसांनी तीन वेधशाळा एकदम सुरू व्हायच्या होत्या. दोन वेधशाळांना लहर ऐकू येते, पण ती आली कुठून हे नीट कळायला तिसरी लागते, आणि तिसरी म्हणजे ही.

घरी नवरा, बसचालक म्हणून निवृत्त झालेला, भांडी पुसत होता.

"आज तोंडाला कुलूप?"

"धागा लागला."

"तुटला?"

"तुटला असता तर बरं झालं असतं."

त्याने ताट खाली ठेवलं. "सांगितलंस तर हाताचंही सांगावं लागेल."

"लागेल."

"घरी बसवतील तुला."

"बसवू देत."

"मग पोटभर जेव. उद्या भांडायला ताकद लागेल."

सकाळी त्या थेट संचालकबाईंच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानेच सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"पण वजन धरलं ना?" बाईंनी विचारलं.

"आज धरलं."

"चारही धागे एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात, काचताई. एक गेला म्हणजे चारही गेले. सोळा दिवस जातील. बाकीच्या दोन्ही वेधशाळा आपल्यासाठी थांबणार नाहीत."

"माहितीये."

"आणि हात थरथरतो म्हणता, तर नवे करणार कोण?"

"मीच. जोडताना मनगट टेकलेलं असतं, तेव्हा नाही हलत. उचलून न्यायचं काम लेझरवाल्याला द्या. शेजारी बसून बघा, नाही जमलं तर काढा मला."

बाईंनी समोरच्या कॅलेंडरवरची सुरुवातीची तारीख खोडली. "तोडा," त्या म्हणाल्या. काचताईंनी तो स्वतःच्या हाताने तोडला.

धागा तोडल्यानंतर तेराव्या दिवशी, भर दुपारी, लहर आली. बाकीच्या दोन्ही वेधशाळांत ती मिनिटभर शिटीसारखी चढत गेली आणि थांबली. दोन तारे आदळले होते, वीस कोटी वर्षांपूर्वी. त्यांचा उजेड आकाशात चार दिवस टिकतो. त्यात सोनं कसं घडतं हे वाचता येतं. जगभरच्या दुर्बिणी अर्ध्या आकाशात चाचपडत राहिल्या. पत्ता सांगणारी तिसरी वेधशाळा बंद होती. उजेड विझून गेला, कुणालाच सापडला नाही.

 उपाहारगृहात काचताईंच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. लेझरवाला मात्र न राहवून म्हणाला, "ताई, तो धागा टिकला असता हो."

"टिकलाही असता," काचताई म्हणाल्या, आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडल्या.

बाई तिथेच आल्या. काचताईंनी डोळे पुसले नाहीत.

"फार वाईट वाटतंय, बाई. ती लहर काही परत यायची नाही."

"नाही यायची."

"पण उद्या पुन्हा बाही लागली ना, तर मी पुन्हा तोडीन."

बाईंनी मान डोलावली आणि स्वतःसाठी एक स्टूल ओढून धागे जोडायच्या खोलीत नेलं. काचताईंनी हातमोजे चढवले, मनगट टेकवलं आणि सोळावा धागा जोडायला घेतला. आधीचे पंधरा त्यांनी जराशा शंकेवरून स्वतःच नापास केले होते.