बेसन किती घ्यायचं?

मला स्वयंपाक येत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी समुपदेशक आहे. ओमती भागातल्या माझ्या घरात बसून फोनवर, व्हिडिओवर लोकांशी बोलते, आणि त्या कामात मात्र पटाईत आहे. उगाच विनय कशाला दाखवू?

खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमधली एक सून माझ्याशी बोलायची. लग्नाआधी ती शाळेत शिकवत असे. एकदा मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले आणि हिची दातखीळच बसली. त्या दिवसापासून कोणी ऐकतंय म्हटलं की घसा कोरडा. आता जवळच्या शाळेनं शनिवारी पाठ घेऊन दाखवायला बोलावलं होतं. "या वेळी नाही जमलं दीदी, तर शाळेचं नावच काढणार नाही," ती म्हणाली होती.

समुपदेशकाशी बोलते म्हटलं तर सासू आपल्याला वेडी समजेल, ही तिला धास्ती. दोन खोल्यांत लपून बोलणार कुठे? म्हणून आमचं ठरलं : सासूबाई आल्या की तिनं मला रेसिपी सांगायला लागायचं आणि मी मैत्रीण होऊन हं हं करायचं.

मी माणसाला काय बिघडलं ते नंतर विचारते, आधी काय जमतं ते विचारते. तिचं उत्तर एकच, "काहीच नाही." दोन वेळा हेच झालं. मी मनातून वैतागले होते, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या वेळी तिकडे दार वाजलं. "कोणाशी बोलून राहिली वं?" सासूबाईंचा आवाज.

"मैत्रीण आहे आई, पाटवडी विचारून राहिली."

आणि बाई सुरू झाली. फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यायची, मगच बेसन. एका हातानं सोडायचं, दुसऱ्यानं घोटायचं. "काहून? नाही तर गुठळ्या होतात." मी खरंच लिहून घ्यायला लागले. मध्येच तिनं मलाच विचारलं, "आता सांग, थंड झाल्यावर थापलं तर?"

"तडे जातील?"

"बरोब्बर!"

सासूबाई सगळं ऐकत उभ्या होत्या. ओवा विसरू नको म्हणून सांगून गेल्या. तिचा आवाज एकदाही अडखळला नव्हता.

"आत्ता काय केलंत तुम्ही?" मी विचारलं.

"खोटं बोलली, दीदी."

"पाठ घेतलात. एका ढ विद्यार्थिनीला शिकवलंत, तेही तपासायला माणूस डोक्यावर उभं असताना."

"पाठ?" तिनं विचारलं. मग ती हसली.

शनिवारचा अपूर्णांकांचा पाठ तिनं तसाच बांधला : आधी काय, मग काय, काहून, आणि मध्ये उलटा प्रश्न. सासूबाई बाहेर गेल्या की रोज माझ्यावर सराव केला. गणितातही मी ढच, त्यामुळे विद्यार्थिनी अस्सल मिळाली.

रविवारी तिचा फोन आला. घसा कोरडा पडला होता, पण पाठ थांबला नव्हता. शाळेवाले सोमवारपासून या म्हणाले होते. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. इतकी फुगले होते की बसवेना.

तेवढ्यात तिकडे दार वाजलं. मी इमानदारीनं म्हटलं, "हं, मग बेसन किती घ्यायचं?"

"राहू द्या, दीदी," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "आई, या माझ्या काउंसेलर मॅडम आहेत. शाळेत बोलता यावं म्हणून मी यांच्याशी बोलून राहिली होती. अजून दहा मिनिटं लागतील."

आता घसा माझा कोरडा पडला. शनिवारचा पाठ तिनं शाळेसाठी घेतला होता. हा तिचा स्वतःचा होता, आणि तो मी शिकवलेला नव्हता.



"मग दार लोटून घे ना," सासूबाई म्हणाल्या. "मी कुकर लावून राहिली. शिट्ट्यांनी ऐकू येणार नाही तुला."