नीलम्माचा गुडघा

सास्तुरात लिंगायताच्या घरी कुणी वारलं, की आधी महांतप्पाला बोलावणं यायचं. त्यांच्यात मेलेल्याला मांडी घालून बसवतात अन् तसंच बसलेलं पुरतात. अंग धरायच्या, म्हणजे ताठायच्या आत बसवावं ते महांतप्पानंच. आधी जबडा, मान धरते, मग हात, गुडघे शेवटी. लोक मात्र घाईनं गुडघ्यालाच झोंबायचे, की महांतप्पा खेकसलाच. गुडघा बिचारा दाराच्या बिजागरीसारखा, एकाच अंगाला मिटणारा; मांडी पडते ती खुब्यातून. खुबा बाहेर वळवा, गुडघा आपसूक येतो. एवढं सांगूनही दर खेपेला कुणीतरी शहाणा ओढायचाच.

निजामाच्या राज्याची शेवटची दोन-तीन वर्षं राहिली असतील, तेव्हा गावात पटकी आली. पटकीचं मढं लवकर ताठतं. सोळा दिवसांत महांतप्पानं एकवीस माणसं बसवली. रडायचंही त्राण उरलं नाही. घरी येऊन भिंतीला टेकला, की तोंड उघडायचा कंटाळा यायचा.

घरात बायको, नीलम्मा. दोन वर्षांमागं विहिरीच्या पायरीवरून पडली, तेव्हापासून तिचा उजवा गुडघा ताठ. पाय पुढं टाकूनच भाकरी थापायची. महांतप्पानं एकदा वाकवून बघितला, ती किंचाळली, अन् ह्यानं निकाल देऊन टाकला: हाड जुळलं, आता वाकायचं न्हाय. तेल तरी चोळून द्या, असं ती पुढं चारदोनदा म्हणाली. उद्या बघू, म्हणत त्यानं टाळलं. दिवसभर रानात राबून, वर लोकांची मयतं उरकून आलेल्या माणसाला घरचा गुडघा नकोसाच व्हायचा, खरं सांगायचं तर.

पटकीच्या त्या दिवसांत नीलम्माला एकच घोर लागला.

"मी गेल्यावर मला कसं बसवताल? पाय पसरून देवापुढं जाऊ व्हय?"

"बसवीन. मोडावा लागला तरी बसवीन."

तेवढ्यावर तिला समाधान वाटलं.

पटकी ओसरली अन् चार दिवसांच्या तापानं नीलम्माच गेली. क्रियेला आलेले जंगम स्वामी म्हणाले, राहू दे पाय लांब, देव काय रागवत नाही. महांतप्पा ऐकेना, शब्द दिला होता. अंग अजून ऊन होतं. त्यानं मांडीखाली हात घातला, खुबा बाहेर वळवला, डोळे गच्च मिटले अन् हाड मोडल्याचा आवाज कधी येतो, त्याची वाट बघत गुडघा दाबला.

आवाज आलाच नाही. गुडघा मऊ मिटला अन् टाच दुसऱ्या मांडीला येऊन टेकली. भाग्याची बाई, असं बाया म्हणाल्या.

महांतप्पानं मात्र गुडघ्याची वाटी चाचपून बघितली. हाड जुळलेलं नव्हतंच. दुखण्याच्या धास्तीनं शिरांनी गुडघा आवळून धरला होता, एवढंच. त्यानं तो पाय परत सरळ केला, हळूच मिटला, परत सरळ केला. स्वामींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् बास म्हणाले, बसली की ती.

"जित्ती असताना वाकला असता, स्वामी," महांतप्पा म्हणाला.